तांबूचं गोत

बोरखडीत गाय अडली की डॉक्टरच्या आधी गुणाबाईला बोलावणं यायचं. हात लांब, बोटं बारीक, आणि जिभेवर गावातल्या साऱ्या गाईंची पिढीजात नावं. कोणत्या गाईची आई कोण, आजी कोण, कोणत्या साली कोणत्या घरी कालवड गेली, हे तिच्या सासूनं तिला धारेच्या वेळी शिकवलं होतं. आईचं नाव कानावर पडल्याबिगर गाय पान्हा सोडत नाही, असं सासू म्हणायची. खरं असो, खोटं असो, गुणाबाई कासेला हात लावायची आणि हलक्या आवाजात सुरू व्हायची:

तांबू माझी गाय, माहेराहून आली
तिच्या पोटची जास्वंद, वरल्या आळीला दिली

जास्वंदीची भिंगरी, लेक मोठी गुणाची
सरजाच्या गं दारी, भरली घागर दुधाची

ती भिंगरी पौषातल्या एका सकाळी अडली. धुकं इतकं होतं की दारात उभी असलेली सरजाबाई आधी नुसती सावली वाटली. विधवा बाई, एकटी, दोन एकर कोरडवाहू आणि एक गाय. तिनं हाक मारली नाही. गुणाबाई बाहेर आली तसं एवढंच म्हणाली, "अक्का, चल."

भिंगरी उभीच होती, पाठ कमानीसारखी वाकवून. गुणाबाईनं हाताला गोडंतेल चोळलं आणि हात आत घातला. खुरं लागायला हवी होती, तिथं गुडघे लागले. तिचा हात क्षणभर तसाच राहिला.

"काय हाय?" सरजाबाईनं विचारलं.

"धर शेपूट."

वासरू आलं. भिजलेल्या विटेसारखं लालभडक, कान लांब, पाठ सरळ. लाल कंधारी जातीच्या वासराचं असावं ते सगळं होतं. फक्त पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात मुडपलेले होते आणि खालचा जबडा दोन बोटं आखूड, म्हणून जीभ बाहेर लोंबत होती. जिवंत होतं. भिंगरी वळली आणि त्याला चाटायला लागली. नाकापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत, मग पुन्हा नाकापासून.

"पाय सरळ कर की गं, अक्का."

गुणाबाईनं धरून पाहिलं. सांधा वाळल्या लाकडासारखा. "न्हाई होत."

"मागल्या दोघांचे बी न्हाई झाले."

"हाव."

दोन दिवस गुणाबाई त्याला कापसाच्या बोळ्यानं चीक पाजत राहिली. आखूड जबड्यातून तो ओघळून मानेवर जायचा, तिथं चिकट व्हायचा, भिंगरी तो चाटून काढायची. तिसऱ्या दिवशी दुपारी वासराची मान पडली. गुणाबाईचा नवरा दगडोबा कुदळ घेऊन आला. त्यानं बांधालगत खड्डा घेतला, चांगला कमरेइतका, बाजू तासून. खाली मीठ टाकलं, वर मीठ टाकलं. सगळं नीट केलं. फक्त वासराच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नाही, ते गुणाबाईनं पाहिलं.

औंदा गावातलं हे पाचवं. मागल्या साली तीन गेली होती, त्याच्या आदल्या साली एक.

गावच्या हौदावर आधी वळू पाणी पिणार, मग बाकीची ढोरं, ही रीत. दगडोबा गावच्या वळूचं, शेंदऱ्याचं, दावं सैल सोडून उभा असायचा. शेंदऱ्या पाणी प्यायला लागला की माणसं बोलायची थांबायची. वशिंड एका कुशीला कललेलं, गळ्याची पोळी गुडघ्यापर्यंत लोंबणारी, आणि रंग असा की उन्हात बघावा तर डोळे निवावेत. माळेगावच्या यात्रेत दोनदा त्याच्या गळ्यात बक्षिसाचा पट्टा पडला होता. गाय लावायची तर दगडोबा पैसे घ्यायचा नाही. नारळ घ्यायचा, आणि वळूसाठी पायलीभर पेंड. "देवाचं काम हाय," म्हणायचा.

वासरू पुरल्यावर दुसऱ्या सकाळी सरजाबाई भिंगरीला घेऊन हौदावर आली. पोलीस पाटील संगप्पा काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"सरजाबाई, तू जरा मागून येत जाय. आमची पिऊन गेली की."

"तिच्या तोंडानं हौद नासतो का, आप्पा?"

"हौदाचं मला म्हाईत न्हाई. पोट तर नासलंय तिचं."

कोणीतरी हसलं. पलीकडून आवाज आला, "पोटाला काय बोल लावता? दावणीचा बी पायगुण असतोय."

सरजाबाईनं पदर दातात धरला. भिंगरीनं मान पुढं केली होती, ती तिनं मागं ओढली. गाईला कळेना. तिच्या नाकाला पाण्याचा वास लागला होता, पाय पुढं आणि मान मागं अशी ती उभी राहिली. कासेतून दूध ठिबकत होतं. पिणारं कोणी नव्हतं.

"घरोघरची मरून राहिली वासरं," सरजाबाई म्हणाली. "माझ्याच गाईचं पोट दिसतं का?"

"तुझ्या दारात तीन गेली. सुरुवात तुझ्यापासून. लागण असंल काई." संगप्पानं दगडोबाकडं पाहिलं. "तू सांग बा. तुला जास्त कळतंय."

गुणाबाई घागर बुडवत होती. तिला वाटलं, हा आता काही बोलणार नाही. दगडोबानं दाव्याचा वेढा मनगटाला घेतला. "गाय काढून टाकावी लागंल," तो म्हणाला. "बी चांगलं असून बी रान खराब असलं तर काय करावं."

घागर भरली होती तरी गुणाबाईनं ती धरूनच ठेवली.

चार दिवसांनी जोहरा आली. कंधारच्या वकार नालबंदाची पोर. लहानपणी बापाशेजारी बसून नालांचे खिळे त्याच्या हातात द्यायची, आता जनावरांची डॉक्टर होऊन उदगीरकडं पुढचं शिकत होती. वासरांची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. स्कूटीवर थंड पेटी, अंगात पांढरा डगला, पायात गमबूट.

"दगडोबा काका, ओळखलं का? तुमच्या बैलांना अब्बांनी नाल मारलेत."

"हाव, ओळखलं की. वकारभाई बरे हायत का?"

"कंबर गेली त्यांची. वाकून वाकून."

तिनं गायरानातल्या पिंपळाखाली एकेक गाय आणवली. मानेतली शीर दाबून रक्त घेतलं, शेपटीचे केस मुळासकट उपटून पाकिटात घातले. शेंदऱ्याचेही घेतले. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडा पाकिटावर लिहिला. मग वही उघडली आणि विचारलं, "आता हिची आई कोण?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. वळूंचं विचारलं असतं, तर संगप्पानं आजोबापासूनचे सांगितले असते. गाईचं कोण ध्यानात ठेवतं?

"गुणाबाईला पुसा," बायकांतून आवाज आला.

गुणाबाई पुढं येऊन बसली. नुसतं सांगायला लागली तर नावं अडखळली. मग तिनं डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला, आणि धारेच्या वेळी म्हणायची तसं म्हणायला लागली. नावं एकामागं एक आली, आईच्या मागं लेक, लेकीच्या मागं नात. जोहरा झरझर लिहीत होती. गाईला गोल, वळूला चौकोन, मेलेल्या वासराला काळा ठिपका. कागद भरत गेला, तसे सगळे गोल वरच्या एका गोलाकडं जायला लागले.

"तांबू," जोहरा म्हणाली. "मावशी, सगळ्या ठिपक्यांच्या आया तांबूच्या गोतातल्या आहेत."

"अर्धं गाव तिचंच गोत हाय, बाई. मी माहेराहून आणली होती. लेकी वाटल्या."

"मग गाईतच दोष निघाला की," संगप्पा म्हणाला.

जोहरानं पेनाचं टोपण लावलं. "आप्पा, ऐका. वासराला दर गोष्टीची दोन बीजं मिळतात. एक आईचं, एक बापाचं. हाडाचं, रंगाचं, जबड्याचं, सगळ्याचं तसंच. एक बिघडलेलं असलं तरी दुसरं चांगलं बीज काम भागवून नेतं. जनावर धडधाकट दिसतं. बक्षीसही मिळवतं. पण बिघडलेलं आत लपून असतं, आणि अर्ध्या लेकरांना वाटलं जातं. दोन्हीकडून बिघडलेलंच आलं, तर वासरू असं होतं."

"म्हंजी?" सरजाबाई मागून म्हणाली. "गाईचा दोष न्हाई?"

"एकट्या गाईचा कधीच नाही."

सरजाबाई खाली बसली आणि भिंगरीच्या खुरातला चिखल काडीनं काढायला लागली.

"पण मला एक कळत नाही," जोहरा वहीकडं बघत म्हणाली. शेंदऱ्याचा चौकोन कागदाच्या कडेला एकटाच होता. "हे बीज तांबूकडनं आलं म्हणावं, तर वळूकडं कसं? वळू तर बाहेरचा ना?"

"नदीपलीकडचा," संगप्पा अभिमानानं म्हणाला. "आमच्या आज्यापंज्याची रीत हाय. दर चार-पाच वर्षांनी आमचं खोंड मन्याडच्या पलीकडं चिंचपल्लीला जायचं, त्यांचं इकडं यायचं. ज्या गावात माय, त्या गावात वळू ठिवायचा न्हाई. दगडोबानंच आठ वर्षांमागं आमचं खोंड नेऊन दिलं. त्यांचं लहान होतं, ते दीड वर्षानं आणलं. हाच तो."

"शहाणी होती तुमची माणसं," जोहरा म्हणाली. "मग मी मंगळवारी चिंचपल्लीला जाते. ह्याच्या आईचे केस मिळाले तर कळेल."

"ती गाय मेली," दगडोबा म्हणाला. लगेच म्हणाला.

"तिच्या बहिणी, लेकी असतील की. तिकडं हे बीज नाहीच निघालं, तर मग हा डासांनी पसरणारा रोग असेल. गाभणपणी झाला तरी पाय असेच आखडतात. मग सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासायचं. सहा महिने तरी जातील. तोवर भिंगरीला विकू नका."

"सहा महिन्यांत अजून दहा गाई व्यायला येतील," संगप्पा पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी नवराबायको शेतातल्या आखाड्यावर तूर कापत होती. वाळल्या शेंगा विळ्याच्या धक्क्यानं खुळखुळायच्या. दगडोबाचा विळा नेहमीपेक्षा जोरात चालत होता. एक धसकट त्याच्या पिंढरीत घुसलं, रक्त आलं, त्यानं वरून माती दाबली.

"चिंचपल्लीवाल्यांना कळंल," गुणाबाई म्हणाली.

"काय कळंल?"

"त्यांना तुमी सांगितलं, आमचं खोंड मेलं. हितं सांगितलं, पलीकडचं आणलं."

"गप बस."

आठ वर्षांमागं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो तांबूचं खोंड घेऊन नदीकडं निघाला होता. अंगावर झूल, शिंगांना बेगड. गाव वेशीपर्यंत आलं होतं. नदी ओलांडलीच नाही त्यानं. काठाकाठानं चालत गुणाबाईच्या माहेरी गेला, तिच्या भावाच्या गोठ्यात खोंड बांधलं. दीड वर्ष भावानं पोसलं. खोंड गेलं होतं, वळू परत आला. शिंगं वळलेली, वशिंड भरलेलं, कोण ओळखणार? गुणाबाई ओवाळायला पुढं झाली, तर त्यानं हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली, तान्हा असताना ठेवायचा तशी. तिनं आरतीचं ताट तसंच धरलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली. पुढं त्यावर दोघं कधी बोलली नाहीत. संसारात अशा किती गोष्टी असतात, न बोललेल्या, तीही त्यातलीच एक होऊन गेली. तांबू तेव्हा जिवंत होती. पुढच्याच साली तिला शेंदऱ्या लागला. वासरू मेलेलं जन्मलं. म्हातारपणामुळं, असं म्हणाले.

"मला न्हाई देववलं," दगडोबा एकाएकी म्हणाला. तो विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत होता. "असं जनावर जलमात एकदा येतं. ते नदीपलीकडं द्यायचं, आन् त्यांचं कसलं तरी घ्यायचं?"

"आज्यापंज्यानं दिलेच की."

"त्यांचे असे नव्हते."

"सरजाची गाय चाललीय."

"गाय मी दुसरी दीन तिला. आपली कुंकी दीन. पर तू तोंड उघडशील, तर मी या गावात..." तो थांबला. साठीचा माणूस, पण खालचा ओठ पोरासारखा हलत होता. "हौदावर मी कसा जाऊ, सांग."

गुणाबाईला त्याची कीव आली. राग यायला हवा होता. तिनं पदराची चिंधी फाडून त्याच्या पिंढरीला बांधली.

मंगळवारी गावानं जोहराची वाट पाहिली नाही, गाय काढायचंच ठरवलं. सकाळीच सरजाबाईच्या दारात पिकअप लागला. चार घरची माणसं जमली होती. सरजाबाईनं भिंगरीला धुतलं होतं, शिंगांना तेल लावलं होतं. गाय बाजारात जाणार म्हणून नव्हे, तिला तसं दारातून घालवायचं जमत नव्हतं. गाय फळीवर चढेना. एकानं शेपूट पिरगाळलं. भिंगरी गुडघ्यावर आली आणि तिथंच शेण टाकलं.

"मारू नका रे," सरजाबाई म्हणाली. "ती चढंल. मी चढते आधी." आणि ती खरंच साडी आवरून पिकअपमध्ये चढली आणि आतून गाईला बोलवायला लागली. ये माय, ये. हसणारे हसले.

तेवढ्यात जोहराची स्कूटी आली. तिनं ते पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण पाहुणी बाई, काय बोलणार. ती दगडोबाकडं वळली. "काका, चिंचपल्लीला निघाले. वळू कोणाकडनं आणला होता? नाव सांगा, म्हणजे थेट त्या घरी जाते."

दगडोबा शेंदऱ्याला घेऊन हौदावरून परत येत होता. तो उभा राहिला. शेंदऱ्याही उभा राहिला.

"गुरुपादप्पाकडनं," तो म्हणाला.

"ते वारले ना चार वर्षांमागं?" संगप्पा म्हणाला.

"हाव. त्यांच्याकडनंच."

जोहरानं वही उघडली. शेंदऱ्याच्या चौकोनापासून वर रेघ ओढली, आणि मेलेल्या माणसाचं नाव लिहायला लागली. गुणाबाई पिकअपच्या फळीजवळ उभी होती. तिच्या डोळ्यांपुढं भिंगरीची कास होती, वासराविना तटतटलेली, शिरा वर आलेली.

"लिहू नगंस, बाई," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"शेंदऱ्याची माय चिंचपल्लीत न्हाई. तांबू त्याची माय." तिचा आवाज बारीक होता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. "ह्या गावातनं ते खोंड नदीपलीकडं गेलंच न्हाई. माझ्या भावाकडं होतं."

पिकअपचा ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवून बसला होता, त्यानं ते बंद केलं. जोहरा वहीत बघत राहिली. मग तिनं मेलेल्या माणसाचं अर्धं नाव खोडलं आणि कडेचा तो चौकोन एका लांब रेघेनं तांबूच्या गोलाला जोडला. कागद एकाएकी साधा दिसायला लागला. भाऊ बहिणींना लागला होता. मग लेकींना. मग लेकींच्या लेकींना.

"आठ वर्षं," ती स्वतःशीच म्हणाली. "तरीच दर साली वाढत गेलं."

"दगडोबा," संगप्पा म्हणाला, "खरं हाय का?"

दगडोबानं शेंदऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि तो घराकडं चालायला लागला. शेंदऱ्या त्याच्या मागून आपल्या संथ चालीनं गेला. रस्त्यातल्या माणसांनी सवयीनं वाट करून दिली.

भिंगरी उतरवायची गरजच पडली नाही, ती चढलीच नव्हती. सरजाबाई तेवढी वर होती. गुणाबाईनं तिला हात दिला. सरजाबाईनं तो धरला नाही, फळीला धरून उतरली.

"तुला ठाव होतं," ती म्हणाली.

"असं होतंय हे ठाव नव्हतं गं. त्याची माय तांबू, एवढंच ठाव होतं."

"तीन वासरं गेली माझी. तू बोळ्यानं पाजत होतीस, आन् तुला ठाव होतं." तिचा आवाज चढला नाही. "मी हौदावरनं गाय ओढून न्यायची, तू घागर भरायचीस. अक्का, माझ्या दारात येऊ नगंस आता."

गुणाबाईला वाटलं होतं, आपण बोललो की ही आपल्या गळ्यात पडेल. ती रिकामे हात घेऊन घरी आली.

महिन्याभरानं कागद आला. केसांवरून जुळलं होतं. शेंदऱ्या याच गोतातला. तांबू मरून चार वर्षं झाली होती, पण तिच्या लेकींच्या केसांतून तीच बोलली. बिघडलेलं बीज नेमकं कुठं आहे, ते सापडायला अजून वर्ष-दोन वर्षं लागतील, असं जोहरानं सांगितलं. तोवर शेंदऱ्याला बडवायचं, म्हणजे चिमट्यानं त्याचा बैल करायचा, आणि ह्या गोतातलं एकही खोंड वळू म्हणून ठेवायचं नाही. चिंचपल्लीचे दोघं येऊन गेले. ओट्यावर बसले, गुणाबाईनं चहा आणला, तो तसाच ठेवून उठले.

बडवायच्या दिवशी डॉक्टर चिमटा घेऊन आले. शेंदऱ्याला लाकडी खोड्यात उभं केलं. धरायला कोणी येईना. पूर्वी त्याच्या दाव्याला हात लावायला माणसं भांडायची. दगडोबानं एकट्यानं वेसण धरली, दुसऱ्या हातानं त्याचे डोळे झाकले. चिमट्याचा आवाज झाला, ऊस मोडावा तसा. शेंदऱ्या गुडघ्यात खचला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या नाकातून लांब श्वास आला आणि दगडोबाच्या सदऱ्याची बाही ओली झाली. दुसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा दगडोबानं स्वतःचे डोळे मिटले होते.

त्यानंतर तो घरात बोलेनासा झाला. भाकरी पुढं केली की खायचा, नाही केली तर मागायचा नाही. हौदावर गुणाबाईच शेंदऱ्याला न्यायची, तीही सगळ्यांची ढोरं पिऊन गेल्यावर.

फाल्गुनात कुंकी व्याली. तांबूची ती शेवटची लेक, आणि चिमट्याच्या आधीच शेंदऱ्याला लागलेली. घरचीच गाय, म्हणून गुणाबाईला बोलवायला कोणी यायचं नव्हतं. तिनं तेल चोळलं, हात आत घातला आणि डोळे मिटले. बोटांना खूर लागलं. शेजारी दुसरं. दोन्ही सरळ.

खोंड होतं. कुंकीनं चाटून कोरडं करायच्या आत ते उठायला धडपडलं, पडलं, पुन्हा उठलं आणि चार पायांवर थरथरत उभं राहिलं. गुणाबाईनं त्याच्या तोंडात बोट घातलं. जबड्याला जबडा जुळत होता. त्यानं बोट चोखलं. इतक्या जोरानं की ते कोपरापर्यंत कळलं.

दगडोबा दारात कधी येऊन उभा राहिला, ते तिला समजलं नाही. तो आत आला, उकिडवा बसला. खोंडाचे कान मोजल्यासारखे हातात घेतले, कपाळावर अंगठा फिरवला, पाठीच्या कण्यावरून बोटं नेली. दोन महिन्यांत त्याच्या हातात जीव दिसला नव्हता, तो आता दिसत होता.

"फोन लाव जोहराला," तो म्हणाला.

तिनं लावला. जोहराचा आवाज गोठ्यात खरखरला. "पाय सरळ आहेत? दूध ओढतं? शुकर आहे, मावशी. पण आई-बाप दोघंही बहुतेक तेच बीज बाळगून आहेत. अशा जोडीची तीन धडधाकट वासरं घेतली, तर त्यातल्या दोघांच्या आत ते लपलेलं असतं. एखादंच निकं, बिनदोष निघतं. हे कोणतं, ते आज मला नाही सांगता येणार."

फोन बंद झाला. खोंडानं कास शोधून काढली होती. ढुशी देऊन देऊन पीत होतं, शेपूट वळवळत होतं, ओठांच्या कडेला पांढरा फेस आला होता. दाराच्या फटीतून आलेलं ऊन त्याच्या पाठीवर पडलं होतं आणि तो रंग, ओल्या कुंकवासारखा, साऱ्या गोठ्यात तेवढाच दिसत होता.

"तिघांतलं एक निकं असतं म्हणली," दगडोबा म्हणाला.

"हाव."

"हेच असंल."

त्यानं मान वर केली. डोळ्यांत पाणी तरारलेलं, पांढरी दाढी वाढलेली. बायकोकडं त्यानं असं कधी बघितलं नव्हतं. जन्मभर त्यानं सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं होतं.

"वळू ठिवू का गं ह्याला?" त्यानं विचारलं.

कुंकीनं पान्हा सोडला होता. दूध पिणाऱ्याच्या गळ्यातला घुटक्यांचा आवाज तेवढा येत होता. गुणाबाईनं हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"न्हाई," ती म्हणाली.

दगडोबानं मान हलवली. उठला नाही. खोंडाचं पोट भरेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली.